पावसाळी मलेरिया आणि पाच वर्षांच्या आतली मुलं : कोल्हापुरात नेमकं काय करायचं?

उत्तरेश्वर_पेठ
नमस्कार. घरात ११ महिन्यांचं बाळ आणि साडेतीन वर्षांची मुलगी आहे. घर जुनं, कौलारू. परसात आड, वर हजार लिटरची टाकी, आणि शेजारी अपार्टमेंटचं काम सुरू. आफ्रिकेत पावसाळ्यात लहान मुलांना दर महिन्याला मलेरियाच्या गोळ्या देतात असं वाचलं. तसं आपल्याकडे काही देता येतं का? आणि खिडकीची जाळी, मच्छरदाणी, लावायचं मलम, कॉइल यांतलं काय खरंच उपयोगी? मापांसकट सांगितलंत तर बरं होईल.

बालरोग_राजारामपुरी
ताई, आधी गोळ्यांचं सांगते. वाचलंय ते खरं आहे, पण ते कोल्हापूरसाठी नाही.

सहारा वाळवंटाच्या खालच्या पट्ट्यात, म्हणजे माली, बुर्किना फासो, नायजर, चाड, उत्तर नायजेरिया या भागांत, वर्षातले बहुतेक रुग्ण पावसाच्या तीन-चार महिन्यांतच येतात. तिथला मलेरिया जवळजवळ सगळा फाल्सिपेरम, म्हणजे जीवघेण्या जातीचा. म्हणून तिथे ३ ते ५९ महिन्यांच्या मुलांना ताप असो वा नसो, दर महिन्याला औषधाचा पूर्ण कोर्स देतात. पहिल्या दिवशी सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन आणि अमोडायाक्विन, पुढचे दोन दिवस नुसतं अमोडायाक्विन. गोळी पाण्यात विरघळवून पाजतात, अर्ध्या तासात ओकलं तर पुन्हा देतात. त्याचं संरक्षण साधारण चार आठवडे टिकतं, मग पुढची फेरी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये याची शिफारस केली.

इथे का नाही? तिथे एका पावसाळ्यात एकाच मुलाला दोन-दोनदा मलेरिया होऊ शकतो, त्यापुढे गोळीने होणाऱ्या उलट्या, मळमळ काहीच नाही. कोल्हापुरात एकेका मुलाचा धोका त्या मानाने फारच कमी. निरोगी बाळाला महिनोन् महिने औषध पाजण्याइतका तर नाहीच. शिवाय आपल्याकडे व्हायवॅक्स जातही आहे. ती यकृतात दडून बसते आणि या गोळ्या तिथवर पोचत नाहीत. म्हणून दुकानातून क्लोरोक्विन आणून "आठवड्याला एक" वगैरे अजिबात करू नका. कोणी सांगितलं तरी.

लस विचाराल म्हणून तेही लिहिते. ऑक्सफर्डने विकसित केलेली आर२१ ही लस पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट बनवते, ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मिळाली. पाचव्या महिन्यापासून चार डोस. ती फाल्सिपेरमविरुद्ध आहे, आफ्रिकेतल्या मुलांसाठी आहे आणि आपल्या सरकारी लसीकरणात नाही.

तेव्हा तुमच्या दोन मुलांचं संरक्षण तीन गोष्टींत आहे : टाकीचं झाकण, गादीखाली खोचलेली मच्छरदाणी आणि ताप आला की २४ तासांच्या आत रक्ततपासणी. टाकी आणि आडाचं आरोग्यसेवक दादांनी लिहावं.

आरोग्यसेवक_करवीर
लिहितो. सगळ्यात मोठा गैरसमज आधी काढू. लोक गटारीकडे बोट दाखवतात. गटारीतला डास क्युलेक्स, तो मलेरिया पसरवत नाही. मलेरियाचा डास म्हणजे ॲनॉफिलीस. शहरातल्याला स्टीफेन्साय म्हणतात आणि त्याला स्वच्छ पाणी लागतं : छतावरची टाकी, आड, हौद, बांधकामावरचं पाणी. गटारीवर पावडर मारून घेऊन वर टाकी उघडी ठेवली तर मलेरियाच्या दृष्टीने काहीच झालं नाही.

अळी ओळखायला पांढरा डाव किंवा पांढरी प्लास्टिकची वाटी घ्या. पाण्यावर आपली सावली पडली की अळ्या खाली जातात, म्हणून कडेला दोन मिनिटं गप्प उभं राहायचं. मग वाटी तिरकी धरून कडेचं पाणी अलगद आत घ्यायचं. ॲनॉफिलीसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, तरंगत्या काडीसारखी आडवी असते. डेंग्यूच्या आणि गटारीच्या डासाच्या अळ्या शेपटीची नळी वर करून डोकं खाली, तिरक्या लोंबतात. एकदा बघितलं की पुन्हा चूक होत नाही.

अंड्यापासून डास व्हायला आपल्याकडच्या पावसाळी हवेत ७ ते १० दिवस लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणतो ते एवढ्यासाठीच. दहा दिवसांनी केलेली सफाई वाया गेली, डास उडून गेलेला असतो. बॅरल, रांजण उपडे करून, घासून, कोरडे करून भरायचे. ॲनॉफिलीसची अंडी पाण्यावर तरंगतात, त्याला पाणी ओतून देणं पुरेसं असतं. डेंग्यूच्या डासाची अंडी मात्र भांड्याच्या कडेला चिकटतात, घासायचं ते त्यासाठी.

टाकीला डास शिरायला तीन वाटा असतात : झाकण, हवेची नळी, ओव्हरफ्लो पाइप. झाकण लोक बघतात, बाकीच्या दोन राहतात. दोन्ही नळ्यांच्या तोंडाला मच्छरदाणीची नायलॉन जाळी दुहेरी करून लावा आणि स्टीलच्या होज क्लिपने आवळा. सुतळीने बांधू नका, एका पावसात कुजते. जाळीची भोकं दीड मिलिमीटरपेक्षा मोठी नकोत. ओव्हरफ्लोच्या जाळीवर शेवाळ आणि क्षार बसतात. ती तुंबली की जादा पाणी झाकणातून उसळतं, मग कोणीतरी वैतागून जाळीच काढून टाकतं. पंधरा दिवसांनी ब्रश फिरवला की हे होत नाही. उन्हाने झाकण वाकडं झालं असेल तर वर दगड ठेवून भागत नाही, फट राहतेच. झाकण बदला.

आडात गप्पी मासे. प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या पैदास केंद्रातून मिळतात, फुकट. पाण्याच्या दर चौरस मीटर पृष्ठभागाला ५ ते १०, म्हणजे दीड मीटर व्यासाच्या आडाला १० ते २० मासे. त्यांना खायला काही घालायचं नाही, पोट भरलं की अळ्या कोण खाणार? ओढ्यात, नदीत, रंकाळ्यात सोडू नका, तिथल्या देशी माशांच्या मुळावर येतात.

उत्तरेश्वर_पेठ
आडात मध्येमध्ये टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो. मग मासे?

आरोग्यसेवक_करवीर
जमणार नाही, मरतील. पिण्याच्या पाण्याला टीसीएल हजार लिटरला अडीच ग्रॅम. एवढ्या क्लोरीनने जंतू मरतात, अळ्या मरत नाहीत, हे लक्षात असू द्या. पण मासे मात्र जातात. आडाचं पाणी पीत असाल तर क्लोरीन ठेवा आणि आडाला चौकटीवर घट्ट ताणलेली जाळी बसवा. नुसतं धुण्या-भांड्याला असेल तर मासे ठेवा. २०१९ किंवा २०२१ सारखा पूर आला तर आडात जादा क्लोरीन पडतोच. त्यानंतर वास पूर्ण गेल्यावर आडाचं पाणी बादलीत घेऊन दोन मासे दिवसभर ठेवून बघायचे, जगले तर बाकीचे सोडायचे.

टेमिफॉस या अळ्या मारायच्या औषधाचं कोणी विचारेल. ५० टक्के तीव्रतेचं द्रावण, हजार लिटर पाण्याला २ मिली, म्हणजे एक पीपीएम (दहा लाख भागांत एक). पिण्याच्या पाण्याला त्यावर जायचं नाही. ते आमच्या लोकांकडूनच टाकून घ्या. घरी अंदाजाने टोपण ओतणारे लोक आहेत, ते फार वाईट.

साइट_कसबाबावडा
शेजारच्या बांधकामाचं मी सांगतो, कारण तुमच्या घरातल्या सगळ्या उपायांवर तेवढी एक साइट पाणी ओतते.

स्लॅब ओतला की त्यावर मसाल्याचे बारके बांध घालून आळी करतात आणि पाणी तुंबवतात. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, पीपीसीला (राख मिसळलेल्या सिमेंटला) किमान १० दिवस पाणी लागतं. वर दादांनी डासाचे दिवस सांगितले, ते याच्याशी ताडून बघा. बरोबर तेवढेच. मिस्त्रीला "पाणी ठेवू नका" म्हणालात तर तो ऐकणार नाही, आणि त्याचं बरोबर आहे, स्लॅबला तडे जातील. त्याला असं सांगा : तिसऱ्या-चौथ्या दिवशी आळ्यांतलं पाणी खराट्याने ढकलून खाली कोरड्या मातीवर पाडायचं आणि तासाभरात नवीन भरायचं. स्लॅब वाळत नाही, अळ्या मातीत मरतात. कॉलमला ओली पोती गुंडाळली की तिथे तुंबवायचा प्रश्नच नाही.

यापेक्षा वाईट जागा लिफ्टचा खड्डा. सहा-सहा महिने कोणी डोकावत नाही, अंधार, स्वच्छ पाणी. पंप लावून उपसणं हाच उपाय. झिरपा असेल आणि पुन्हा भरत असेल तर थर्मोकोलचे बारीक दाणे टाकतात. पृष्ठभागावर सेंटिमीटरभर थर बसला की अळीला श्वास घेता येत नाही, डासाला अंडी घालता येत नाहीत. बंदिस्त खड्ड्यातच, उघड्यावर वाहून जातात आणि नाल्यात कचरा होतो. जळकं ऑइल ओतण्याची सवय सोडा, ते खाली भूजलात उतरतं.

आणखी एक. साइटवरची पत्र्याची शेड. कामगार कुटुंबं झारखंड, ओडिशा, छत्तीसगडकडची असतात, त्या भागांत मलेरिया जास्त आहे. कोणाच्या तरी रक्तात तो आलेला असतो आणि डास मात्र इथला असतो. गावाकडून नवीन टोळी आली की ठेकेदाराने आरोग्यसेवकाला फोन करून सगळ्यांचे रक्तनमुने घ्यायला लावावेत, पैसे लागत नाहीत. शेडमधल्या पोरांनाही मच्छरदाण्या द्याव्यात. बिल्डरला त्या जड नाहीत.

गटप्रवर्तक_राधानगरी
आता मच्छरदाणी. कौलारू घर आहे म्हणालात, तर खिडक्यांना जाळ्या बसवण्यात पहिले पैसे घालू नका. भिंत आणि वासे यांच्यामधली फट, कौलांच्या फटी, मागचं दार, तिथून डास येतोच. अपार्टमेंटमध्ये जाळी कामाची, तीही कोपऱ्यात वेल्क्रो सुटलेलं नसेल तर.

मच्छरदाणी घेताना चौरस इंचाला १५६ भोकं असलेली घ्या. औषध भारलेली, म्हणजे दीर्घकाळ टिकणारी मिळाली तर उत्तम. सरकार ती जास्त मलेरियाच्या भागांत वाटतं, गडचिरोलीसारख्या. आपल्याकडे विकत आणावी लागते. नवी पाकिटातून काढली की २४ तास सावलीत पसरून ठेवा, पहिल्या दिवशी वासाने डोळे-नाक चुरचुरतं. ती साधारण २० धुण्यांपर्यंत किंवा तीन वर्षं टिकते. हिशेब करा : दर महिन्याला धुतली तर दोन वर्षांच्या आत औषध संपलं. म्हणून दोन-तीन महिन्यांतून एकदा, गार पाण्यात, साध्या साबणाने, न आपटता. ब्लीच नको. वाळवायची सावलीत, उन्हाने औषध उडतं. आणि ते पाणी ओढ्यात, नदीत किंवा मासे सोडलेल्या आडाजवळ टाकायचं नाही, मासे मरतात.

कशी बांधता याला जास्त महत्त्व आहे. चारही कोपरे वर ताणलेले पाहिजेत. कड गादीखाली निदान वीतभर खोचायची. नुसती लोंबती सोडली की पोर रात्री लाथ मारतं आणि वाट मोकळी होते. बारकी एकेरी मच्छरदाणी घेतली की हात-पाय जाळीला टेकतात आणि डास बाहेरून जाळीतून चावतो. साध्या मच्छरदाणीत हे फारच होतं. दोघं पोरं आईजवळ झोपत असतील तर डबलबेडचीच घ्या. दिवे मालवायच्या आधी आत टॉर्च फिरवा, कोपऱ्यात बसलेला एखादा डास रात्रभर तिघांना चावतो. बसल्यावर शेपटाकडची बाजू वर, पाचर ठोकल्यासारखा तिरका दिसला तर तो ॲनॉफिलीस. बोटभर फाटलं असेल तर त्याच दिवशी दोरा घाला, सेफ्टी पिन लावून ठेवू नका, पिनेच्या दोन्ही बाजूंना भोक राहतंच.

उत्तरेश्वर_पेठ
बाळ झोळीत झोपतं. झोळीवर ओढणी टाकतो. चालेल?

गटप्रवर्तक_राधानगरी
नाही ताई. ओढणी अंगाला टेकते, शिवाय तोंडावर आली तर श्वासाचा धोका. झोळी टांगलीय तिथेच वर कडी असेल तर गोल, घेरदार मच्छरदाणी वरून सोडा, ती जमिनीपर्यंत येऊन फरशीवर हातभर पसरली पाहिजे, आणि झोका दिला तरी झोळी जाळीला लागता कामा नये. एवढी जागा नसेल तर संध्याकाळनंतर बाळाला झोळीत नको, गादीवर घ्या. छत्रीची घडीची जाळी मिळते, ती बाळ पालथं पडू लागेपर्यंत ठीक. रांगणारं पोर ती डोक्याने उचलतं. तुमच्या बाळाला आता ती उपयोगाची नाही.

बालरोग_राजारामपुरी
मलमाचं : दोन महिन्यांखालच्या बाळाला कुठलंही डास पळवणारं मलम किंवा लोशन नको. त्यापुढे डीट ३० टक्क्यांपर्यंत किंवा पिकारिडिन चालतं, दिवसातून एकदा. लिंबाच्या वासाच्या निलगिरीचं तेल तीन वर्षांखाली नको. आपल्या तळहातावर घेऊन मग मुलाच्या उघड्या अंगाला पातळ लावायचं. मुलाच्या हाताला, डोळ्यां-तोंडाजवळ, ओरखड्यावर लावायचं नाही, हात तोंडात जातातच. ११ महिन्यांच्या बाळाला मी मलमाऐवजी पायमोजे आणि पूर्ण बाह्यांचं सुती झबलंच सांगेन. साडेतीन वर्षांच्या मुलीला दिवेलागणीला अंगणात खेळताना लावा. ॲनॉफिलीस चावायला सुरुवात करतो तेव्हाच, आणि मच्छरदाणीत जाईपर्यंतचे ते दोन तास बहुतेकांचे सुटतात.

कॉइल बंद खोलीत नको. तिचा धूर लहान फुफ्फुसांना वाईट, पावसाळ्यात दारं-खिडक्या लावलेल्या असतात तेव्हा जास्तच. कडुलिंबाची पानं, धूप जाळणंही तसंच, डास थोडे हलतात आणि पोर खोकतं. द्रवाचं प्लगवालं मशीन लावायचं तर बाळाच्या डोक्याशी नको आणि त्यावर विसंबून मच्छरदाणी सोडू नका. धूरफवारणीची गाडी येऊन गेली म्हणूनही निर्धास्त राहू नका. त्या धुराने त्या वेळी उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही.

आजरा_घनसाळ
पश्चिमेकडच्या तालुक्यांचं वेगळं हाय, तेवढं लिहितो. आजरा, चंदगड, गगनबावडा, शाहूवाडी. हिथला डास भाताच्या खाचरातला, ओढ्याच्या डबक्यातला. धो-धो पडतं तवा अळ्या वाहून जातात. उघडीप पडली, ओढा आटत आला, दगडांच्या खळग्यांत निवळशंख पाणी राहिलं की मग सुरू. म्हणून मघा-पूर्वापासून हस्त सरेपर्यंत लई जपायचं. जूनमध्ये मच्छरदाणी काढून गणपतीनंतर गुंडाळून ठेवणारे चुकतात, दिवाळीपर्यंत राहू दे.

पाटाच्या गळतीची डबकी मुजवा. खाचरातलं पाणी आठवड्याला एकदा दोन दिवस सोडून देता आलं तर अळ्या मरतात, भाताला काय होत नाही. फुलोऱ्याच्या दिवसांत तेवढं करू नका. गोठा घराला चिकटून असेल तर माणसाच्या खोलीचं दार संध्याकाळी लावा, खाचरातला डास जनावरावर येतो आणि भिंतीवर बसून राहतो. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कोप्यांत पोरं उघड्यावर झोपतात. मुकादमाकडून मच्छरदाण्यांचं आधीच ठरवून घ्या.

उत्तरेश्वर_पेठ
सगळ्यांचे आभार. आता ताप आलाच तर? थंडी वाजून आला तरच मलेरिया ना?

बालरोग_राजारामपुरी
तिथेच घात होतो. पाच वर्षांखालच्या मुलांत हुडहुडी, घाम, एक दिवसाआड ताप असं पुस्तकातलं चित्र दिसेलच असं नाही. नुसता ताप, उलट्या, जुलाब, कधी खोकला, दूध न ओढणं, मलूल पडणं. लोक पोट बिघडलं म्हणून दोन दिवस काढतात. या दिवसांत कुठलाही ताप असो, २४ तासांच्या आत रक्त तपासायचं. प्राथमिक आरोग्य केंद्रात, सीपीआरमध्ये (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात), शहरातल्या पालिकेच्या दवाखान्यात फुकट होतं.

ताप चढलेला असतानाच रक्त द्यावं लागतं हे खरं नाही, कधीही देता येतं. पॅरासिटामॉल आधी दिलं तरी चालतं, वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, सहा तासांनी. त्याने जंतू लपत नाहीत. मलेरियाची गोळी मात्र तपासणीआधी द्यायची नाही, मग काचपट्टीवर काही दिसत नाही आणि निदानच हुकतं. ब्रुफेन, ॲस्पिरिन नको, डेंग्यू असला तर रक्तस्राव वाढतो. दोन्ही तपासण्या एकदमच करून घ्या.

पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि ताप चालूच राहिला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त द्या. एका नमुन्याने मलेरिया नाही असं ठरत नाही. आणि बाहेरगावी जाऊन आला असाल तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा, कुठे आणि कधी. डास चावल्यापासून ताप यायला किमान आठवडा लागतो. मुंबईहून परवा आलो आणि आज ताप, तर तो कालच्या डासाचा नव्हे.

झटके, अंगावर न ओढणं, काहीही पोटात न टिकणं, जोरात धाप, डोळे न उघडणं, काळपट लघवी, तळहात पांढरे पडणं, यातलं एक जरी दिसलं तरी वाट बघू नका, थेट सीपीआर किंवा मुलांचा आयसीयू असलेलं रुग्णालय. वाटेत शुद्धीत असेल तर दूध किंवा साखरपाणी द्या, लहान मुलांची साखर फार लवकर उतरते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका.

साइट_कसबाबावडा
डॉक्टर, व्हायवॅक्सला १४ दिवसांच्या गोळ्या देतात, त्या चौथ्या दिवशी ताप उतरला की लोक बंद करतात. शेडवर सर्रास दिसतं. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला त्या देतच नाहीत म्हणतात, खरं का?

बालरोग_राजारामपुरी
दोन्ही खरं. ताप क्लोरोक्विनने उतरतो, तीन दिवसांत. १४ दिवसांची प्रायमाक्विन यकृतात दडलेल्यांसाठी आहे. ती अर्धी सोडली की काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तोच मलेरिया पुन्हा, डास न चावता. जी६पीडी या द्रव्याची कमतरता असलेल्यांना ती चालत नाही, रक्तपेशी फुटतात. म्हणून गोळी सुरू असताना लघवी चहासारखी झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर लगेच थांबवून दाखवायचं. रिकाम्या पोटी देऊ नका, पोट दुखतं आणि मग मूल पुढची गोळी तोंडात धरत नाही.

वर्षाच्या आत प्रायमाक्विन देत नाहीत. म्हणजे ११ महिन्यांच्या बाळाला व्हायवॅक्स झाला तर रक्त साफ होतं पण यकृतातलं राहू शकतं. अशा बाळाच्या लसीकरण कार्डावर पेनाने लिहून ठेवायचं : व्हायवॅक्स, तारीख, प्रायमाक्विन दिलेलं नाही. पुढच्या वर्षभरात ताप आला की ते कार्ड पुढे करायचं आणि पहिलं रक्त तपासायचं. उन्हाळ्यात आला तरी.